मरतुकीची दोन पिल्लं

पुलगावजवळच्या एका हॅचरीत मी डिस्पॅच सांभाळते. अंड्यातून निघालेलं कोंबडीचं पिल्लू त्याच दिवशी खोक्यात घालायचं आणि गाडीवर चढवायचं, एवढंच काम. यात किस्से घडण्यासारखं काय आहे, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं! आता दुपारी जेवायला बसलो की एकाने आठवण काढायची आणि भाजी गार होईपर्यंत बाकीच्यांनी भर घालायची.

आमच्याकडे एक रीत आहे. शंभर पिल्लांच्या खोक्यात एकशे दोन भरायची. वाटेत मरतूक होते, म्हणजे एखाददुसरं मरतंच, म्हणून ही दोन वरची. त्यांना आम्ही सरळ ‘मरतुकीची दोन’ म्हणतो. कारंजा घाडगे गावाहून आलेल्या एका भाऊंना मी हे नीट समजावलं. त्यांनी खोक्यात डोकं घालून बराच वेळ पाहिलं.

“ताई, थे मरनारे दोन वेगळे करून द्या ना. त्याइले उगाच दाना काऊन चारू?”

*

लांबच्या एका गिऱ्हाइकाने कुरियरनेच पाठवा असा हट्ट धरला. कुरियरवाल्याने फॉर्म पुढे ओढला.

“आत काय आहे?”

“पिल्लं. जिवंत.”

फॉर्ममध्ये ‘जिवंत’ला जागाच नव्हती. त्याने खोक्याला कान लावला, पेन चावलं.

“म्याडम, पोचेपर्यंत काय होते कोनाले माहीत! ‘घरगुती सामान’ लिहू काय?”

खोकं उचलून मी तशीच परत आले.

*

बसगाडीवर खोकं दिलं की मी ड्रायव्हरला माझा नंबर देते. एकदा एका नव्या ड्रायव्हरचा फोन आला. “ताई, तुमचा डबा लय ओरडून राह्यला. सवाऱ्या कावल्या.”

“ओरडू द्या! गप्प झाला की फोन करा.”

अर्ध्या तासाने फोन. “झाला गप्प!”

गप्प म्हणजे गेली, असं ओरडत मी ऑफिसात धावले. आमचे मॅनेजर मेश्राम साहेब मोटरसायकल काढून गाडीमागे सुटले. कशीबशी गाडी गाठली. ड्रायव्हरने खोक्यावर चादर टाकली होती आणि अंधार झाला म्हणून पिल्लं गाढ झोपली होती. साहेबांनी झाकण उघडताच एकशे दोन जणांनी एकदम सूर लावला.

“आत्ता कुठं निजले होते,” मागच्या सीटवरची बाई म्हणाली, “आला हा उठवाले!”

*

पुलगावला दारूगोळ्याचा डेपो आहे, त्यामुळे इथे बेवारस खोकं कोणी हलक्यात घेत नाही. आमचा पॅकर गजू बसस्टँडच्या बाकाखाली खोकं ठेवून चहाला गेला. परत येतो तर स्टँड रिकामा आणि पन्नास हात लांब गर्दीचं कडं. गजूही त्या गर्दीत घुसला आणि दहा मिनिटं टाचा उंच करून बॉम्ब पाहत राहिला! शेवटी एक म्हातारी वैतागली.

“अरे, बॉम्ब चिवचिव करत असते काय?”

तेव्हा कुठे गजूला आपलं खोकं आठवलं.

*

हसतो खरे, पण रोहण्याच्या सुमनबाईंचं पहिलं खोकं आठवलं की मी जेवण आवरतं घेते. मजुरी सोडून स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पिल्लं मागवली. मे महिना. बिचारी उन्हातून आली म्हणून त्यांनी प्रेमाने ती कूलरसमोर ठेवली. एक दिवसाच्या पिल्लाला ऊब लागते, हे सांगायचं मीच विसरले होते. संध्याकाळपर्यंत निम्मी गेली.

दुसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या. “आता कोनाच्या भरवशावर नाई. हेही गेले तं मंग पुन्हा लोकायच्या वावरात निंदन.”

खोकं मांडीवर घेऊन त्या रोहण्यावरून जाणाऱ्या आर्वीच्या गाडीत बसल्या. तासाभराने फोन. “ताई, गाडी बंद पडली. पत्रा तापला. पिल्ले तोंड वासून राह्यले!”

मी आणि साहेब जीप घेऊन पोचलो. गाडी कडेला उभी. सगळ्या सवाऱ्या बाभळीच्या सावलीत ओळीने बसलेल्या आणि प्रत्येकाच्या ओंजळीत दोन-तीन पिल्लं! बाटलीच्या टोपणाने पाणी पाजणं चाललेलं. कंडक्टर पुठ्ठ्याने वारा घालत होता.

ऊन उतरल्यावर सुमनबाईंनी एकेक पिल्लू परत घेत मोजलं. एकशे एक, सगळी ठणठणीत. एक कमी! त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात बुंध्याला टेकलेल्या एका आजोबांची मिटलेली ओंजळ मला दिसली. बोटांमधून पिवळं डोकं बाहेर आलेलं.

“आजोबा, द्या ना ते.”

“आत्ताच डोया लागला त्याचा. उठलं की देतो.”

सुमनबाईंनी खोक्याचं झाकण लावलं.

“राहू द्या त्याइच्यापाशी. मरतुकीचे दोन होते ना, त्यातलं एक होय थे.”

“आणि दुसरं?” साहेबांनी विचारलं.

“थे मरन माह्या घरी,” सुमनबाई म्हणाल्या, “म्हतारं होऊन!”