ट्रंक आली, माणूस आला नाही

माझी कादंबरी छापून आली तेव्हा पहिली प्रत मी मावशींच्या हातात ठेवली. त्या आमच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला यायच्या. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. पण गोष्ट त्यांच्या घरातली होती.

मावशींचे वडील दुसऱ्या महायुद्धात बोटीवर खलाशी होते. लढाई संपली, बोट मुंबईला लागली आणि घरी पत्र आलं, आठ दिवसांत येतो. आठ दिवसांनी श्रीवर्धनला त्यांची ट्रंक तेवढी येऊन पोचली. आत दोन सदरे, साबणाच्या वड्या आणि लहान मुलीचा एक फ्रॉक. माणूस आलाच नाही. वाटेत काही बरंवाईट झालं असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मावशींची आई मात्र मरेपर्यंत कुंकू लावत राहिली.

मावशींनी हे सांगितलं तेव्हा मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. "मावशी, यावर लिहू का?" मी विचारलं.

"लिवा की, बाई. पत्ता तरी लागंल."

त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग माझ्या नुसता कानावरून गेला.

दोन वर्षं मी मुंबईला खेपा घातल्या. जुनी वर्तमानपत्रं चाळली, गोदीत काम केलेल्या म्हाताऱ्यांना भेटले. दर खेपेनंतर मावशी विचारायच्या, "काय गावलं?" मी म्हणायचे, "बघतेय." त्यांच्या वडिलांचं नाव कुठेच सापडलं नाही. मग रहस्यकथेला साजेसा शेवट मीच रचला. माझ्या कादंबरीतला फौजदार त्या खलाशाला शेवटी मुंबईतच जिवंत गाठतो. डोळ्यांदेखत सोबती बुडालेले पाहून तो आतून मोडला आहे. घरी तोंड दाखवायचा धीर नाही, म्हणून दुसऱ्या बाईबरोबर बिऱ्हाड करून राहिला आहे. तो शेवट लिहिला त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

मावशींच्या नातसुनेनं त्यांना रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं. पुस्तक संपलं आणि मावशी कामावर यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

पितृपक्षात त्यांचा मुलगा आला. दारातच उभा राहिला. "बाई, तुमी आईला समजवा. आज्याचं पान वाढू देत न्हाय. म्हनते, त्याचं दुसरं घर हाय, तितं वाढतील."

मावशींना भाऊ नव्हता, म्हणून त्यांचा हा मुलगाच दरवर्षी आजोबांचं श्राद्ध घालायचा.

मी माझ्या वह्या घेऊन त्यांच्या घरी गेले. मावशी ओटीवर बसल्या होत्या. "या," एवढंच म्हणाल्या.

"मावशी, ते सगळं मी मनानं लिहिलंय. खरं नाही ते."

"दोन वर्सं मुंबैला कशाला जात व्हतात मग?"

मी वह्या नातसुनेपुढे ठेवल्या. एका खर्ड्यात खलाशी वाटेत लाँचवरून पडून बुडतो. दुसऱ्यात पैशांपायी त्याचा खून होतो. तिसरा छापला गेला होता. नातसुनेनं तिन्ही वाचले. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. मावशी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाय."

"नाही, मावशी."

"मंग इतकं ठासून कशाला लिवलंत, बाई?" त्या म्हणाल्या, "माजी आय जाताना माज्या हातानं कुंकू लावून गेली. आता डोळं मिटलं की तिचं तोंड दिसतं. आन् तो तिकडं दुसरीच्या हातचं जेवतोय, त्येबी दिसतं. तुमी न्हाय म्हनलात तरी दिसतं."

मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे हात धरले. "ऱ्हाऊ द्या. तुमी मुद्दाम न्हाय केलंत."

त्या वर्षी पान वाढलं, पण मावशी आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत.

पुढे मी अधूनमधून जात राहिले. त्या चहा द्यायच्या, नातवाच्या नोकरीचं सांगायच्या. वडिलांचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि मलाही तो काढवला नाही. माघात त्या गेल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. सांगायला गेले, आणि फोनवरच मला रडू फुटलं.