डाव्या बाजूचा रेझर

हसायचं असेल त्याने इथेच उठून जावं. माणूस आतड्याच्या दुखण्यातून उठलेला. डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या अंगाला भोक ठेवून तिथे पिशवी लावलेली. पोटातलं सगळं त्या पिशवीत. सांगून टाकलं, आता पुढे आडपडदा नको.

कारखान्यात त्याला साचेबुवा म्हणायचे. बाटल्यांची झाकणं, कंगवे, ब्रशच्या मुठी, असलं जे काही प्लास्टिकचं ओतून निघतं, त्याचे लोखंडी साचे तो कोरायचा. साच्यात सगळं उलटं असतं. वस्तूला फुगवटा हवा तिथे खड्डा, डावं हवं तिथे उजवं. नवी पोरं गोंधळायची, ह्याचा हात मात्र आपोआप उलटा चालायचा. दुखण्यानंतर मालकाने त्याला अर्ध्या दिवसाचं काम दिलं होतं. दुपारी घरी यायचं, आणि घरी कुणी नाही. बायको लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेलेली. नात झाली, आणि तेव्हापासून फोनवर एकच विषय.

"अहो, कधी निघताय?"

"बघतो. कारखान्यात गर्दी आहे."

"अर्धाच दिवस जाता ना तुम्ही?"

"अर्ध्या दिवसाचीच गर्दी आहे."

मग लेक फोन हिसकावून घ्यायची. "बाबा, मुलगी झाली म्हणून तोंड फुगवलंय का? तसं असेल तर सरळ सांगा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग या ना!"

फोन ठेवला की घरात त्याचा एकट्याचाच आवाज उरायचा, तोही पोटातला.

न जाण्याचं खरं कारण केसाएवढं होतं. म्हणजे केसच होते. पिशवीची पट्टी कातडीला चिकटायची तर कातडी कोरडी आणि गुळगुळीत हवी. ह्याचं पोट केसाळ, त्यात सुटलेलं. भोकाच्या खालीच घडी पडायची. तिथे नजर पोचत नव्हती आणि रेझरही पोचत नव्हता. सरळ दांडा पोटावर अडायचा, पातं तिरपं बसायचं. केस राहिले तर पट्टी सुटायची, कापलं तर रक्ताने सुटायची. एकदा भाजीच्या रांगेत सुटली. पुढची बाई नाकाला रुमाल लावून मागे बघायला लागली. तेव्हा हाही मागे वळून बघायला लागला, जणू मागच्याच कुणाचं काम आहे. भाजी न घेता घरी आला आणि त्यानंतर कारखाना सोडून कुठे गेला नाही. लेकीच्या गावाची बस तर सकाळी निघून पार दुपारी पोचायची.

आधी हे काम बायको करायची. तो पलंगावर आडवा, नजर पंख्यावर. ती चष्मा लावून, जीभ दातात धरून, हलक्या हाताने करायची. कधी एक ओरखडा नाही. पण माणसाने असं किती दिवस शर्ट वर करून पडायचं? एक दिवस म्हणाला, "राहू दे, माझं मी करीन," आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. ती थोडा वेळ बाहेर उभी राहिली. मग "साबण आहे का आत?" विचारून गेली.

लेकीकडे दोनच खोल्या, जावई, जावयाची आई. तिथे बायकोसमोर पोट उघडं टाकून पडायचं ते त्याला मेल्याहून मेल्यासारखं. नातीला बघायचं होतं, जीव तुटत होता, पण स्वतःचं स्वतः करता येईल तेव्हाच जाईन म्हणून हटून बसला. आणि बाजारात तसला रेझर मिळेना. मग साचेबुवाच तो. बसला करायला.

मऊ तार घेतली, आरशासमोर उभं राहून घडीत दाबली, पोटाचा बाक तारेवर उतरवला. त्या तारेवरून लाकडाची मूठ कोरली. मुठीला पुढे एक ओठ ठेवला, तो पोटावर टेकेल आणि पातं भोकाकडे सरकणार नाही. अंगठ्याखाली सपाट जागा ठेवली, म्हणजे साबणाच्या हातालाही न बघता दिशा कळेल. मुठीला पातं जोडणारी वाकडी मान पोलादाची हवी होती, ती वेल्डरकडून जोडून घेतली. वेल्डर त्याचा जुना दोस्त, तोंडाचा फाटका.

"हे काय रे बुवा? बगळ्याची मान?"

"मानेमागचे केस काढायला."

"तुझ्या मानेमागे कोण बघतंय लेका? बायको तर गावाला!"

"जोड गपचूप."

घरी येऊन पिशवी काढली, साबण लावला, रेझर टेकवला. पातं भलतीकडेच तोंड करून बसलं. मनगट फिरवलं, कोपर भिंतीवर आपटलं, तरी तेच. मग तार जवळ धरून बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. तार पोटावर घेतलेली, ती सरळच होती. ह्याने सवयीने मूठ उलटी कोरली होती. साचा करतोय असंच हाताला वाटलं. आख्खा जन्म उलटं कोरण्यात गेला आणि एकदाच सुलटं हवं होतं, तेही स्वतःसाठी. स्टुलावर बसल्याबसल्या तो खो खो हसला. हसून झाल्यावर सांगायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मान कापून घ्यायला रेझर परत नेला.

"तू चुकलास? तू?" वेल्डरने हात मागे नेऊन रेझर स्वतःच्या मानेवर फिरवला. "अरे, हा तर झकास बसतोय! कुठे चुकलाय?"

"माझ्या मानेला बसत नाही."

"मग तुझी मान चुकलीय. हा मी ठेवला."

तिथल्या तिथे त्याने मानेमागचं सगळं साफ केलं आणि कारखानाभर मान दाखवत फिरला. रेझर या हातातून त्या हातात. कोणी मूठ वजन करून बघतंय, कोणी ओठावर बोट फिरवतंय. "बुवा, ह्याचा साचा काढा, खपेल हा." साचेबुवा मान डोलावत राहिला. चुकलेल्या कामाचं एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

बरोबर निघाला तो दुसरा. ह्या वेळी कोरताना तो दर घडीला हात थांबवून तारेकडे बघायचा. मान वेल्डरकडे नेली नाही, स्वतःच कशीबशी जोडली. रेझर घडीत असा शिरला की जणू तिथलाच. वरून खाली, बाहेरच्या अंगाला, एक ओरखडा नाही. पट्टी बसली, दिवसभर बसून राहिली. झोपला, वाकला, जिने चढला, तरी हलली नाही. आयुष्यात केलेलं सगळ्यात नेमकं काम होतं ते. आणि कारखान्यात ते टेबलावर ठेवायची सोय नव्हती.

बसमध्ये शेजारचा माणूस झोपेत त्याच्या डाव्या कुशीवर कलंडला. ह्याने त्याला उठवलं नाही, नुसता हळूच शर्टात हात घालून पट्टीची कड चाचपली. कोरडी. मधल्या थांब्यावर सगळे चहाला उतरले, हा जागेवरच बसला.

लेकीने दार उघडलं ते भांडतच. "आठवण झाली का एकदाची? धरा आता!" आणि पोरगी सरळ त्याच्या हातात दिली. पोरगी लाथा झाडण्यात तरबेज. टाचा नेमक्या पिशवीवर. तो ताठ झाला. पट्टी हलली नाही. मग त्याने तिला जवळ घेतलं, नीट, पोटाशी.

जेवणं उरकून लेक नातीला घेऊन आतल्या खोलीत लवंडली. जावई कामावर, त्याची आई शेजारी गेलेली. बायको बाहेर बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत बसली. हळूच म्हणाली, "आज बदलायची असेल ना? पाणी तापवू?"

"नको," तो म्हणाला. "आता कुणाची गरज नाही. रेझर केलाय मी. माझं मी करतो सगळं."

ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. तिने एक दुपटं घडी केलं, मोडलं, परत घडी केलं.

"बरं झालं," म्हणाली. मग खाली बघूनच, "मला कधी जड गेलं नव्हतं हो ते."

तो उठून न्हाणीघरात गेला. पिशवी काढली, साबण लावला. हात आपलं काम बिनचूक करत होता, बघावंही लागत नव्हतं. पलीकडे मायलेकींचं काहीतरी हलक्या आवाजात चाललेलं, पोरगी मध्येच कुरकुरत होती. तो ऐकत राहिला. एवढ्या लांब आला होता आणि पुन्हा बंद दाराच्या आतच उभा होता.

त्याने दार अर्धं उघडलं. "अगं, ऐक."

"काय संपलं? टॉवेल देऊ?"

"काही नको. ये नुसती."