आत्याच्या पायाचं चित्र

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, कॉलेजातल्या सरांना नाही. आत्याला – तिला तर नाहीच. आज तुमच्यापाशी बोलतेय, कारण लपवून लपवून आता थकवा आलाय. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

मी नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. पीएचडीसाठी मी बुटाच्या आत घालायचा एक सोल बनवला – मऊ, हवा तसा वाकणारा, आत कागदासारखे पातळ सेन्सर. माणूस चालू लागला की तळपायाच्या कुठल्या भागावर किती दाब येतोय ते कॉम्प्युटरवर रंगांत दिसतं. हिरवं म्हणजे ठीक. लाल म्हणजे तिथे फार भार येतोय, जपा. ज्यांची शुगर जुनी आहे त्यांचे पाय बधिर होतात, घासलेलं, टोचलेलं कळत नाही. ते सोलने सांगावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. मला या कामाचा गर्व होता. का नसावा?

सेन्सरचं एकच दुखणं होतं – घाम. नागपूरची हवा, त्यात बंद बूट. घाम आत शिरला की एखादा सेन्सर उगाच लाल होऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, रुसला. मग पाय पुसायचा, दुसरा सोल घालायचा, माणसाला पुन्हा चालायला लावायचं. विद्यार्थ्यांच्या डोक्यात हा नियम मीच ओरडून ओरडून बसवला होता.

शकुआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कन्हानला राहते. चाचणीसाठी शुगर असलेली माणसं हवी होती आणि अनोळखी लोक काही पाय दाखवायला धावत येत नाहीत, म्हणून मी तिला बोलावलं. ती ठेवणीतली साडी नेसून आली. साडीखाली आमचा तो धोंड्यासारखा बूट, पण ऐट अशी की विचारू नका. भाचीने बनवलाय, असं लॅबमधल्या प्रत्येकाला सांगून झालं. मग ती व्हरांड्यात चालली. उजव्या अंगठ्याखाली लाल ठिपका आला. पुन्हा चालवलं. ठिपका तिथेच.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे माझं काम बघायला येणार होते. ऑक्टोबरचं ऊन, सकाळपासून पोटात काही नाही. म्हटलं, रुसला हा. आता पुन्हा सोल बदला, पुन्हा पाय पुसा – कोण करणार? आत्या आत चहा पीत बसली होती. आम्हा दोघींच्या पायांचं माप एकच. मी तोच सोल माझ्या बुटात घातला, व्हरांड्यात एक चक्कर मारली आणि ती माझी चाल तिच्या नावावर ठेवली.

आत्याने चित्र पाहिलं. हिरवंगार. आणि मग तिने विचारलं, "यंदा कोराडीले पायी जाऊ का वं? तुही मशीन काय म्हनते?"

नवरात्रात तिच्या गल्लीतल्या बायका कोराडीच्या देवीला अनवाणी जातात. शुगर वाढल्यापासून डॉक्टरांनी तिला मनाई केली होती. बाकीच्या निघायच्या आणि ही दारात उभी राहून बघायची. मी काय म्हणाले असेन?

"जा नं आत्या. मस्त आहे पाय तुझा."

ती गेली. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, तिला पत्ताच नाही. घरभर फरशीवर डाग दिसले तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. मग ताप, मग दवाखाना. आधी अंगठा काढला. मग पाऊलच काढावं लागलं.

मी तिच्या उशाशी बसून रडत होते आणि तीच माझी समजूत काढत होती. "तू काहून रडून राहिली? तुह्या मशीनमंदी तं पाय चांगलाच होता. माह्यंच चुकलं." अजूनही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते, डॉक्टरांचं ऐकलं नाही म्हणून स्वतःलाच बोल लावते. मी समोर बसून तिच्या सुनेने केलेले पोहे खाते. हो, खाते. घशाखाली उतरतात.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाई झाली, चूक झाली. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण खरं – खरं अजून मी बोललेच नाही.

सोल तोच होता. सेन्सर तेच. रुसला असता तर माझ्या पायाखालीही तो लाल दिसायला हवा होता ना? मी चक्कर मारून आले, स्क्रीनकडे पाहिलं, आणि ठिपका नव्हता. म्हणजे सेन्सर धड होता. दुखणं आत्याच्या पायात होतं. हे मला नंतर दवाखान्यात वगैरे कळलं नाही. तिथेच कळलं, खुर्चीवर टेकायच्याही आधी. आत्या चार पावलांवर बसलेली. मोजा काढ गं, बघू दे – एवढंच म्हणायचं होतं.

मी तिचं नाव टाइप केलं. सेव्ह केलं. आणि हाक मारली – ये आत्या, बघ तुझा पाय.