गोग्रास घेऊन पडक्या किल्ल्याकडे

कालवडीने पाठपिशवीचा पट्टा तोंडात धरून हिसका दिला आणि अप्पांचा उजवा पाय वाटेवरून घसरून हवेत गेला. वाट दोन हात रुंद होती. डावीकडे खडक आणि त्यात ठोकलेली लोखंडी तार, उजवीकडे काहीच नाही. खाली ढग असल्यामुळे खोली दिसत नव्हती, तेवढं बरं होतं.

"अप्पा, पिशवी सोडा!" मी ओरडले.

"नाही सोडणार!" अप्पांनी एका हाताने तार धरली होती, दुसऱ्याने छातीवरचा पट्टा. "मागच्यांना अजून मिळालं नाही, विहीणबाई!"

मागच्या म्हणजे आणखी आठ-दहा कालवडी. एकीमागे एक, गळ्यातल्या घंटा वाजवत उभ्या. त्यांना वळायला जागा नव्हती आणि अप्पा हलत नव्हते.

हे कसं झालं ते सांगते.

अप्पा माझे व्याही, माझ्या सुनेचे वडील. पुण्यात सरकारी कचेरीत साहेब होते. मी वेल्ह्याकडची, चौथी शिकलेली. आम्ही दोघंही एकाच उन्हाळ्यात जर्मनीत र्युसेल्सहाइमला मुलांकडे आलो. व्याही आणि विहीण एका घरात महिनाभर राहिले की काय होतं ते त्या घरालाच ठाऊक. त्यांना माझ्या चहात साखर जास्त वाटायची. मला ते सगळेच जास्त वाटायचे.

माझा मुलगा नितीन तिथे इंजिनियर आहे. त्याने आल्प्समधली चार दिवसांची पायी सहल ठरवली; सुनेला रजा मिळाली नाही. दिवसा डोंगर चढायचे, रात्री हुट्टेत (डोंगरावरचं मुक्कामाचं घर) राहायचं आणि शेवटी एका जुन्या पडक्या किल्ल्यावर पोचायचं. मला डोंगर नवे नाहीत. अप्पा मात्र नको म्हणतील असं वाटलं होतं, कारण लिफ्ट बंद असली की ते दुसऱ्या मजल्यावरून खालीच उतरत नसत.

त्यांनी एकच विचारलं, "डोंगरात गाई असतात का हो?"

"असतात की," नितीन म्हणाला.

"मग येतो."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

निघालो त्या दिवशी पहिली गाडी उशिरा आली, दुसरी त्यामुळे चुकली, तिसरी रद्द झाली. नितीन म्हणाला, इथे हे रोजचंच. दुपारी डोंगराच्या पायथ्याशी आमची वाटाडी उटे भेटली. पन्नाशीची, वाळक्या शेंगेसारखी बाई. बरोबर एक जर्मन जोडपं होतं, दोघांची लाल जॅकेटं सारखी, टोप्या सारख्या, आणि दोघं सारखेच गप्प.

"आल्झो," उटे म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य 'आल्झो'नेच (तर मग) सुरू व्हायचं. नितीनने पुढचं मराठीत सांगितलं. गुरांना हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, फाटक उघडलं तर लावायचं. अप्पांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

पहिल्या हुट्टेत रात्री केसश्पेत्सले (कणकेच्या जाड शेवया, वरून वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा) मिळालं. चव बरी, पण पोटात दगडासारखं बसतं. झोपायला एकच लांबलचक गादी, सगळ्यांनी ओळीने पडायचं. व्याही आणि विहीण एका गादीवर! मधे नितीनला घातलं. चाळिशीचा माणूस रात्रभर भिंत होऊन पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी चढ खडा होता. झाडं संपली, नुसते दगड आणि गवत. हवा विरळ झाली, बोललं तरी धाप लागे, म्हणून अप्पा बोलायचे थांबले. हा चढाचा फायदा. पण त्यांची पिशवी फार जड होती आणि तिला वास येत होता. नितीनने थांबवून ती उघडली. आत स्टीलचे डबे, आणि डब्यांत पोळ्यांचे तुकडे, भात, भाजी. काही ओलं, काही कडक, काही हिरवट.

"हे काय आहे, बाबा?"

"गोग्रास," अप्पा म्हणाले.

अप्पांच्या बायकोचा, सुधाचा, नेम होता, गाईचा घास काढून ठेवल्याशिवाय जेवायचं नाही. ती गेल्यावर अप्पांनी तो चालवला. पुण्यात कोपऱ्यावरच्या देवळाशी एक गाय असते. र्युसेल्सहाइमच्या रस्त्यावर गाय कुठून येणार? म्हणून ते महिनाभर रोजचा घास फ्रीझरमध्ये साठवत होते.

नितीनचा चेहरा पडला. "म्हणजे मी परवा ऑफिसहून येऊन गरम करून खाल्लं, ते..."

"गाईचं होतं," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "एक घास कमी भरतोय, तो कुणी खाल्ला हे मी शोधतच होतो."

मी म्हटलं, "अहो, नासलंय ते. फेकून द्या. गाय काही तुमची हजेरी घेत नाही."

"सुधा घ्यायची," ते म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका कुरणात आलो. कालवडी चरत होत्या, राखाडी रंगाच्या, अंगाने भरलेल्या, कानांत केसांचे झुपके. आमच्याकडे अशी एक असती तर गाव बघायला आला असता. उटे आणि लाल जॅकेटं पुढे गेली. कुरणाच्या टोकाचं फाटक ओलांडून मी मागे पाहिलं, तर अप्पा फाटकात उभे, हातात डबा, आणि चहूबाजूंनी कालवडी धावत येताहेत.

"बाबा! उटेने काय सांगितलं होतं?" नितीन ओरडला.

"तिने तिच्या रीतीप्रमाणे सांगितलं!"

दोन डबे तिथेच संपले. मग नितीनने दंडाला धरून त्यांना ओढून आणलं. फाटक मात्र उघडंच राहिलं, कारण घास घेणाऱ्या गाईच्या तोंडावर फाटक लावणं अप्पांना जमेना. तोवर ती गुरं बाहेर आली होती आणि आमच्या मागे चालू लागली होती. आधी गंमत वाटली. मग वाट कड्याला वळली.

तिथेच तो हिसका बसला.

मी हाड् हाड् केलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढले. जर्मनीत वाढलेली गुरं ती, माझ्याकडे नुसती बघत राहिली. माझ्यापुढून नितीन ओरडत होता, "आई, खटका दोन्ही बाजूंनी दाब!" पण छातीवरच्या पट्ट्याच्या खटक्यावर अप्पांची मूठ होती. दुसरा हिसका बसला. अप्पांचा दुसरा पायही घसरू लागला.

मी त्यांच्या मनगटाला चावले. चांगली कडकडून. मूठ सुटली, मी खटका दाबला, पिशवी गेली कालवडीकडे आणि अप्पा पडले माझ्या अंगावर. "अहो, चावलात?" ते म्हणाले. मी म्हटलं, "रांगा."

रांगत वळणापलीकडे पोचलो. तिथे सपाट जागा होती. उटे पांढरीफटक उभी होती. आल्झो न म्हणताच तिने हिर्टला (गुराख्याला) फोन लावला. तो खालून निघाला, त्याला यायला वेळ लागणार होता. धुकं वर आलं. आम्ही तिथे थांबलो तर गुरं आमच्याकडे यायची धडपड करतील, म्हणून उटेने आम्हाला पुढे काढलं. थोडं चाललो असू, तोच मागे दगड घरंगळले, काहीतरी खणखणत खूप खोल गेलं आणि थांबलं.

अप्पा मटकन खाली बसले. "गेली. माझ्या हातून गोहत्या झाली."

उटेचा फोन पुन्हा लागेना. त्या रात्री हुट्टेत अप्पांनी घास घेतला नाही, चौथ्या दिवशी सकाळीही नाही. नुसतं पाणी.

दुपारी किल्ल्यावर पोचलो. चार उभ्या भिंती, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ. खाली सगळा मुलूख आणि तळी दिसतात. भिंतीमागून मात्र डांबरी रस्ता थेट वर आलेला. चपला घातलेल्या बायका मोटारीतून उतरून केक खात होत्या. मी नितीनकडे पाहिलं. तो म्हणाला, "चालण्याचा अनुभव वेगळा असतो, आई." मी केक मागवला.

अप्पा दरीकडे पाठ करून दगडावर बसले होते.

"खा थोडं," मी म्हटलं.

"कळल्याशिवाय नाही."

"आणि मेली असली तर?"

"तर मी सुधाला काय सांगू?"

केक मी खाल्ला. दोघांनी उपाशी राहून गाय वर येणार नव्हती. पण त्यांच्याशेजारून उठले नाही.

तेवढ्यात उटेचा फोन वाजला. हिर्टची बोली नितीनला कळेना. उटे ऐकायची, साध्या जर्मनमध्ये सांगायची, मग नितीन मराठीत. गुराख्याने एकेका कालवडीला दोर लावून सपाट जागेवर नेलं, तिथे वळवलं आणि परत आणलं. अंधार पडेपर्यंत तेच करत होता. खाली गेली ती पिशवी, डब्यांसकट.

"तो विचारतोय," नितीन म्हणाला, "एकीच्या कपाळाला लाल रंग कुणी लावला? निघत नाहीये."

"कुंकू ओलं करून लावलं होतं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सगळ्या आहेत का, ते पुन्हा विचार."

नितीनने उटेला विचारलं, उटेने गुराख्याला. तो मोजून आला.

कालवडी सगळ्या जिवंत होत्या. माणसंही.