इल्ल आणि इल्ली

"पाण्याला वाट ठेवा रं," हे रवळूअण्णांचं कायमचं बोलणं. उचगावात भावाच्या शेताचा बांध असो की पुतण्याच्या घराची गच्ची, आधी हेच वाक्य यायचं. नौदलाची जहाजं बांधणाऱ्या गोदीत ते वरिष्ठ स्ट्रक्चरल इंजिनिअर. लाटेचा मार आणि तोफेचा हिसका जहाजाच्या सांगाड्यानं कसा सोसायचा, हे ठरवणं त्यांचं काम. गावात कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोटीची हाडं बघतो."

त्यांचा आतेभाऊ भरमू याचा जवळच्याच मच्छे गावात फॅब्रिकेशनचा कारखाना. गेट, शेड, ट्रॉल्या करता करता यंदा त्याला एका गस्ती जहाजाच्या तळाचे सांगाडे करायची ऑर्डर मिळाली. तपासणी नेमकी अण्णांकडं आली. त्यांनी नातं कळवून ती नको म्हटलं, तर वरचे साहेब म्हणाले, तुमच्याइतकं कडक दुसरं कोण आहे?

त्या सकाळी माल न्यायला ट्रक गेटाशी उभा होता. अण्णांनी वाकून एका सांगाड्यात टॉर्च मारला, मग दुसऱ्यात.

"भरमू, खाचा कुठं गेल्या?"

आडव्याउभ्या पट्ट्या मिळतात तिथं कोपऱ्यात अर्धगोल खाच मोकळी ठेवायची असते. तिथून साचलेलं पाणी निघतं, आणि जोडावर जोड चढत नाही. इथं सगळ्या खाचा वेल्डिंगनं भरून, घासून चकचकीत केल्या होत्या.

भरमूनं वेल्डर मल्लेशीला हाक मारली. तो गोकाककडचा, कानडी माणूस.

"साहेब, तुम्हीच फोनवर सांगितलं की," मल्लेशी म्हणाला. "कोपऱ्यात वेल्डिंग इल्ली, म्हणून."

"इल्ली न्हाय रं. इल्ल म्हटलं मी," अण्णा म्हणाले.

कानडीत इल्ल म्हणजे नाही, इल्ली म्हणजे इथं. ग्राइंडरच्या आवाजात एकाचं दुसरं झालं होतं.

"अण्णा, नको म्हणायला 'ब्याड' म्हणत्यात," भरमू म्हणाला. "गोदीत राहून कानडीला गंज लागला तुमच्या."

मल्लेशीनं हसू आवरायला तोंड फिरवलं. भरमू अण्णांना बाजूला घेऊन गेला.

"जोड उलट मजबूतच झालाय. घरचा माणूस तपासायला असून ट्रक परत पाठवू व्हय? ही वेळेत गेली न्हाय तर दुसरी ऑर्डर मिळत न्हाय."

"मजबूत दिसतंय खरं. पण समुद्र जहाजाला रोज पिळतो. तडा ह्याच कोपऱ्यातनं सुरू हुतो. आत माणसं असत्यात, भरमू."

 भरमूसमोरच अण्णांनी गोदीत फोन लावला. "माल उशिरा येईल. सूचना मी दिली होती, नीट दिली नव्हती. ठपका कारखान्यावर ठेवू नका."

मग फोन खिशात घालत म्हणाले, "उशीर माझ्या नावावर. खाचा तुझ्या."

तो दिवस आणि दुसरा दिवस ग्राइंडर चालला. अण्णा स्टूल टाकून तिथंच बसले. उघडलेल्या प्रत्येक खाचेवर लाल रंग सोडून, पुसून, बारीक तडा शोधत राहिले. एका सांगाड्यात सापडला. तो मोडीत काढून नवा करायला लावला, तेव्हा भरमू जेवायला आला नाही.

मल्लेशी मात्र प्रत्येक कोपऱ्याला मुद्दाम विचारायचा, "साहेब, इल्ली?"

"इल्ली. पण उघडायचं," अण्णा म्हणायचे.

शेवटी ट्रक गेला. दुसरी ऑर्डर मिळेल का, हे भरमूनं विचारलं नाही, अण्णांनी सांगितलं नाही. अण्णांनी पिशवी खांद्याला अडकवली, भरमूनं गाडीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणाले, आणि बसथांब्याकडं चालायला लागले. गेटात मल्लेशी काळा चष्मा कपाळावर सरकवून बघत उभा राहिला. भरमू आत हिशेबाला बसणार होता. तोही येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.