मासे दारात, जाळी घरात

मासेमारीच्या घरात लग्न केलं की किस्से शोधावे लागत नाहीत, कपड्यांच्या वासासारखे अंगाला चिकटूनच येतात. मी नागपूरची, नोकरी फ्रीमाँटला, नवरा डॅन माझ्याच ऑफिसातला. पण उन्हाळ्यात सहा आठवडे आम्ही अलास्कात, त्याच्या आईवडिलांच्या किनाऱ्यावर. एक छोटी होडी, दोन जाळी आणि समुद्रातले सॅमन!

*

सासऱ्यांचं नाव कार्ल. पण सासऱ्यांना नावाने हाक मारायची? माझी जीभच वळेना! मी आपली 'बाबा' म्हणायला लागले. आता शेजारचे मच्छीमारही रेडिओवर ओरडतात, "बाबा, कम इन!"

*

फ्रीमाँटची मैत्रीण स्नेहा आमच्याकडून मासे घेताना दरवर्षी विचारते, "ऑरगॅनिक आहेत ना गं?"

"अगं बाई, समुद्राला खत कोण घालतंय!"

*

नियम मात्र कडक. पुरेसे मासे अंडी घालायला नदीत वर गेले, की मगच सरकार जाळी टाकू देतं. तोवर आपण रेडिओला कान लावून बसायचं. एकदा माझे वडील, अण्णा, आले होते. समोर मासे उड्या मारतायत आणि आम्ही आपले चहा पितोय! अण्णांचा जीव कासावीस.

"अरे, दारात आलेत, बसलात काय?"

मी दुभाषी. बाबा म्हणाले, "त्यांना पोरं व्हायचीयत."

"मग डोहाळजेवण तरी घाला!"

हे इंग्रजीत सांगताना माझी पार वाट लागली. पण बाबा इतके हसले की चहा सांडला.

*

गेल्या वर्षी मात्र हसू येईना. बाबांचे गुडघे साफ गेलेले. "या सीझननंतर ही जागा विकतो," म्हणाले. मला ती हवी होती हो! पण मला धड पोहता येत नाही, मागणार कुठल्या तोंडाने? 

एका रविवारी गिऱ्हाईक आलं. मी कमरेएवढ्या पाण्यात, केसांत खवले, जाळ्यातला मासा सोडवतेय. गिऱ्हाइकाने होडी पाहिली, जाळी पाहिली, स्वारी खूश.

"बोला, कितीला देता?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मालकीण ती. तिला विचारा."

आणि लंगडत कॉफी करायला आत निघून गेले.