घासून ठिपका वाढत नाही

माझ्या आत्याला घरातले सगळे 'भिंग' म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. ती संग्रहालयाच्या कीटक विभागात फुलपाखरं ओळखायच्या कामावर होती आणि त्यातही तिच्या वाट्याला आली होती स्किपर. ही स्किपर म्हणजे फुलपाखरांच्या नावाला बट्टा. बोटाच्या पेराएवढी, जाड अंगाची, मातकट तपकिरी, सगळी एका माळेचे मणी. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूचे पांढरे ठिपके सरळ रांगेत असले तर एक जात, रांग मोडली की दुसरी. थोडा वेळ बघितलं तरी माझं डोकं उठायचं. तिला मात्र भूक लागल्याचंही कळायचं नाही.

"पंखावरची भुकटी झडते," ती सांगायची. "त्यामुळे ठिपका दिसला नाही तर गप्प बसायचं. पुसला गेला असेल. पण नको तिथे ठिपका दिसला, तर जात वेगळीच. घासून ठिपका जातो, वाढत नाही."

काका, म्हणजे तिचा नवरा, कामासाठी परगावी गेले आणि तापाने पडले. बरेच दिवस तिथल्याच दवाखान्यात होते; साथीचा ताप म्हणून कुणाला भेटू देत नव्हते. परत आले ते अगदी वाळून, पण आवाज, चाल, चहावर फुंकर मारत बसायची खोड, सगळं तेच. आम्ही हुश्श केलं. आत्याने मात्र त्यांची गादी बाहेरच्या खोलीत घातली आणि ज्या नवऱ्याला ती आजवर अरे-तुरे करायची, त्याला अहो-जाहो करू लागली.

"हे म्हणजे तो नव्हे," भाजी चिरता चिरता ती मला म्हणाली. "खूप जवळचे आहेत. पण तो नव्हे."

मी वैतागलो. "अगं, आजारात माणूस बदलतो. वजन घटतं, केस जातात."

"गेलेलं मी धरलंच नाही. त्याच्या भुवईतली खाच दिसत नाही, तरी मी अवाक्षर काढलं नाही. पण उजव्या खांद्यामागे वण आहे. टाक्यांचा, जुना."

"दवाखान्यात लागलं असेल काहीतरी."

"लहानपणीचा वण अंगाबरोबर ताणत जातो. हा तसा आहे. तू बघ आणि मग मला वेडी म्हण."

वेडी तर तिला सगळे म्हणतच होते. बाबांनी आपल्या बहिणीसाठी डॉक्टरांची वेळही घेतली होती. दाखल करतील आणि संग्रहालयातलं कामही सुटेल, हे सगळ्यांना कळत होतं. काका त्यावर चकार शब्द काढत नव्हते. बायकोला वेड्यात काढताहेत आणि हा माणूस चहावर फुंकर मारतोय, याचा मला आधी संताप आला. मग भीती वाटायला लागली.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत गेलो. काका खिडकीशी पाठमोरे उभे राहून शर्ट बदलत होते. खांद्यामागे वण होता. रुंद, फिका, कडेच्या टाक्यांच्या खुणा एकमेकींपासून लांब गेलेल्या. याच पाठीला धरून मी पोहायला शिकलो होतो. तेव्हा तिथे काहीही नव्हतं.

"दिसला?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"तिला कुठे नेऊ नका. तिचं बरोबर आहे." आवाज अगदी काकांचा. "तो माझ्या शेजारच्या खाटेवर होता. सतत या घराबद्दल बोलायचा. ऐकून ऐकून मला त्याचं सगळं यायला लागलं. तो गेला, तेव्हा त्याचे कपडे मला नीट बसले. मला न्यायला कुणी येणार नव्हतं."

आत्या दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलंच नाही.

"शेवटी त्याला त्रास झाला का?" तिने विचारलं.

"नाही. झोपेतच गेला."

ती उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्याने रडू लागली. तिला जवळ घ्यायचंही मला सुचलं नाही. तो माणूस पाणी घेऊन आला, तिच्यासमोर बसला आणि काका एकांतात तिला हाक मारायचे त्या, मी एकदाच चोरून ऐकलेल्या नावाने त्याने तिला हळूच हाक मारली.

हुंदक्यातूनच तिने ओ दिली.